राग बसवावा लागतो : पंक बँड काढण्यापासून पहिल्या अल्बमपर्यंत

‘डॅमेज्ड’ हा पंक अल्बम पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, या पाच पोरांचं काल रात्री कुणाशी तरी कडाक्याचं भांडण झालं असावं आणि आज सकाळी हाती लागेल ते वाजवून ते मोकळे झाले असावेत. प्रत्यक्षात ‘ब्लॅक फ्लॅग’ हा बँड लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला, हर्मोसा बीच नावाच्या समुद्रकाठच्या गावात १९७६ साली सुरू झाला आणि त्याचा हा पहिला अल्बम आला १९८१च्या शेवटी. मधल्या पाच वर्षांत चार गायक झाले, अर्धवट सोडलेल्या टेपांचा ढीग साचला, आणि आठवड्यातले जवळजवळ सगळे दिवस, रोज कित्येक तास सराव चालला. तेव्हा कुठे तो ‘काल रात्रीचा’ राग टेपवर उतरला.

आपल्याकडे नाटक बसवतात, गाणं बसवतात, ढोलपथकात नवख्याचा हात बसवतात. राग तसाच बसवावा लागतो, हे मला या एका अल्बममुळे कळलं, तेही स्वतःचा बँड मोडल्यावर. त्यामुळे पुढचं सगळं ‘ब्लॅक फ्लॅग’ने काय केलं याच्या आधाराने सांगतो आहे. त्यांनी बरोबर केलेलंही आणि आपटी खाल्लेलंही.

पायरी पहिली : माणसं

बँडचा कर्ता होता गिटारवादक ग्रेग गिन. हा बारा वर्षांचा असल्यापासून हौशी रेडिओवाल्यांसाठी उपकरणं बनवून टपालाने विकायचा. त्या उद्योगाचं नाव सॉलिड स्टेट ट्यूनर्स, म्हणजे एसएसटी. पुढे अर्थशास्त्र शिकला, आणि बँड काढल्यावर त्याच नावाने रेकॉर्ड कंपनीही काढली. गिटार त्याने उशिरा हातात घेतली, पण वस्तू बनवायची, खोक्यात भरायची, पत्ता लिहून पाठवायची आणि हिशेब ठेवायचा हे त्याच्या अंगवळणी आधीच पडलेलं होतं. बँड जमवताना सगळे जण चांगला ड्रमर शोधतात. चांगला ड्रमर हवाच, पण फोन उचलणारा, जॅमपॅडचे, म्हणजे सरावाच्या भाड्याच्या खोलीचे, पैसे वेळेवर गोळा करणारा आणि ‘उद्या सात वाजता’ म्हणजे सात वाजता येणारा एक माणूस आधी शोधा. तो तुम्हीच असाल तर उत्तम.

सुरुवातीला गिनला टिकणारा बासवाला, म्हणजे बास गिटार वाजवणारा, मिळेना. मग काय, बासशिवायच सराव सुरू. ती पोकळी भरायला तो गिटारच खालच्या सुरांत, जाड वाजवू लागला, आणि तोच पुढे त्याच्या वाजवण्याचा ठसा झाला. आमच्या बँडलाही आठ महिने बासवाला नव्हता. आम्ही ते आठ महिने बासवाला शोधण्यात घालवले, म्हणजे खरं तर चहा पिण्यात. तुम्ही तसं करू नका. तिघं असाल तर तिघांनी सुरू करा. जे कमी आहे ते भरून काढताना काहीतरी तुमचं स्वतःचं सापडतं. गिनला चक डुकोव्स्की नंतर भेटला, दुसऱ्या एका बँडमधून आलेला. तो बास वाजवायचाच, शिवाय कार्यक्रम ठरवण्याची धडपडही करायचा. थांबणं फळाला आलं, पण ते थांबणं वाजवत वाजवत होतं.

पहिल्याच आठवड्यात चार गोष्टी बोलून घ्या आणि एका कागदावर लिहा. आठवड्यातून किती दिवस सराव, पैसे कोण किती देणार, गाण्याचे हक्क कसे वाटायचे, आणि कुणी सोडून गेलं तर नाव कुणाकडे राहणार. दोस्तीत हे बोलायला जीभ अडते. तरी बोला. शेवटच्या पायरीवर कळेल का ते.

पायरी दुसरी : नाव आणि खूण

या बँडचं पहिलं नाव ‘पॅनिक’. त्या नावाचे दुसरे कुणी आहेत असं कळल्यावर बदलणं आलं. गिनचा भाऊ रेमंड पेटिबॉन चित्रकार. त्यानेच नवं नाव सुचवलं आणि खूणही काढून दिली : चार काळे उभे पट्टे, वर-खाली सरकलेले, म्हणजे फडकणारा काळा झेंडा. पांढरा झेंडा शरणागतीचा, मग काळा कशाचा हे समजावून सांगावं लागत नाही. ही खूण कुणालाही, कशानेही, दहा सेकंदांत काढता येते. लॉस एंजेलिसमध्ये ती भिंतींवर, पुलांखाली, आणि कालांतराने असंख्य लोकांच्या दंडांवर गोंदलेली दिसू लागली.

तुमच्या खुणेची परीक्षा हीच. खडूने फरशीवर दहा सेकंदांत येते का? येत नसेल तर कवटी, काटेरी तार आणि पंख यांतलं काहीतरी कमी करा. नाव ठरवण्याआधी गाण्यांच्या सगळ्या ॲपवर शोधून बघा. पुढेमागे ट्रेडमार्क नोंदवायचा झाला तर करमणुकीच्या सेवांसाठी ४१ क्रमांकाचा वर्ग असतो, तिथेही आधीच शोध घेता येतो.

पायरी तिसरी : सराव

इथे सगळ्यात जास्त वेळ द्यायचा आहे, म्हणून मीही इथे जास्त थांबतो.

आधी जागा. फ्लॅटमध्ये ड्रम वाजवणं विसरा. आपल्याकडच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि खोलीतला ड्रमसेट सहज शंभरी गाठतो. सोसायटीच्या अध्यक्षांशी वैर धरण्यात जी शक्ती जाते ती गाण्यात घाला. तासाच्या भाड्याने मिळणारा जॅमपॅड घ्या, आणि तो दुपारच्या वेळेत घ्या. संध्याकाळ आणि शनिवार-रविवार सोडून दर विचारला तर बहुतेक जण कमी करतात. कानात घालायचे प्लग पहिल्या दिवसापासून वापरा. ८५ डेसिबलला आठ तास सुरक्षित धरले, तर दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. शंभरला उरतात पंधरा मिनिटं. कानात वाजणारी शिट्टी एकदा कायमची लागली की ती जात नाही, आणि त्यात पंकपणा काहीही नाही.

जॅमपॅडमध्ये शिकायला जाऊ नये, जुळवायला जावं. आपापला भाग घरून पाठ करून यायचा. तीन तासांचा माझा आराखडा असा : पहिला पाऊण तास जुनी गाणी एकापाठोपाठ एक, मध्ये न बोलता. मग दीड तास एकच नवं गाणं. उरलेल्या वेळात सगळा संच पुन्हा, समोर माणसं बसलीत असं समजून, उभं राहून. मोबाइल खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवून शेवटची फेरी ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच रात्री ऐकू नका; त्या रात्री सगळं भारीच वाटतं.

वेगाबद्दल एक मोठा गैरसमज आहे. वेगात वाजवलं की आक्रमक वाटतं, असं नाही. चौघांचा घाव एकाच क्षणी पडला की आक्रमक वाटतं. गाणं मिनिटाला १९० ठोक्यांवर न्यायचं असेल तर मेट्रोनोम, म्हणजे ठोका देणारं यंत्र, १४०वर लावा. १४०ला स्वच्छ आलं की पाच-पाचने चढवा. जिथे मळ दिसेल तिथून दहा मागे या. आणि थांबे बसवा. गाणं मध्येच एका झटक्यात थांबतं, ड्रमर झांज हाताने धरून गप्प करतो, अर्धी मात्रा पूर्ण शांतता आणि मग सगळे एकदम आत. या शांततेत जो दरारा आहे तो गिटारचा आवाज बदलणाऱ्या कुठल्याच पेडलमध्ये नाही. ढोलपथकात हात वर थांबवून ठेवतात ना, अगदी तसा. ते थांबे पाऊस पडत असताना नदीकाठी आठवडेच्या आठवडे घोटलेले असतात म्हणून अंगावर येतात.

गिटारवाल्यांसाठी : शक्य तिथे सगळे फटके वरून खाली मारा. ‘रामोन्स’चा जॉनी रामोन असाच वाजवायचा, आणि त्या एका सवयीवर त्या बँडचा अर्धा आवाज उभा होता. हे मनगटातून यायला हवं. कोपरातून मारलंत तर तिसऱ्या गाण्याला हात भरून येईल. तारा थोड्या जाड घ्या, ११ पासूनच्या (म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.०११ इंचाची).

पायरी चौथी : गाणी आणि भाषा

दोन मिनिटांचं गाणं लिहिणं सोपं नाही. दोन मिनिटांत प्रस्तावनेला जागा नसते. एक रिफ (पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा), एक उलट जाणारा भाग आणि सगळ्यांनी मिळून ओरडायची एक ओळ, एवढंच पुरे. ‘डॅमेज्ड’चं पहिलं गाणं ऐका : एकटा गायक ओळ टाकतो आणि बाकीचे सगळे मिळून ती परतवतात. हे वाचून आपल्यापैकी कुणाला झीलकरी आठवले नाहीत तर नवल. पोवाड्यात शाहीर ओळ फेकतो आणि मागचे ‘जी जी जी’ करून ती उचलून धरतात. श्रोता त्या मागच्यांमध्ये सामील होतो. तेव्हा ओरडायची ओळ अशी लिहा, की पहिल्यांदा ऐकणारा दुसऱ्या वेळी तुमच्याबरोबर ओरडू शकेल. सहा-सात अक्षरं, शेवटी ओढता येईल असा स्वर.

मराठीत लिहायला लाजू नका. ट, ठ, ड, ढ, ळ ही अक्षरं या संगीतासाठीच घडवल्यासारखी आहेत. अडचण एकच : आपण रागावलो की पुस्तकी होतो. ‘व्यवस्थेविरुद्ध एल्गार’ असलं काही लिहिलंत की गाणं तिथेच मेलं. ‘ब्लॅक फ्लॅग’ची गाणी कशावर आहेत? टीव्हीसमोर बसून सडणाऱ्या मित्रांवर, बिअरच्या सहा बाटल्यांच्या खोक्यावर, पोलिसांनी बँडच्या मागे लावलेल्या ससेमिऱ्यावर, स्वतःच्या डोक्यातल्या अंधारावर. टीव्हीवरच्या आणि बिअरवरच्या गाण्यांत तर ते स्वतःच्याच कळपाची टर उडवतात. तुमचा राग कुठल्या वस्तूला चिकटलेला आहे ती वस्तू गाण्यात आणा. भाडेकराराचा अकरावा महिना, लोकलचा पास, ‘पुरणपोळी नको म्हणतो, बिघडलाय’ म्हणणारी मावशी.

पायरी पाचवी : घसा

आता एक दुखरी गोष्ट. तिसरा गायक डेझ कडेना याला गाण्याचा अनुभव नव्हता. दौऱ्यांवर रोज जीव तोडून ओरडल्याने त्याचा आवाज बसत गेला, आणि शेवटी त्याने गाणं सोडून दुसरी गिटार हातात घ्यायचं ठरवलं. बँडला त्याचा फायदा झाला, दोन गिटारींचा तो जाड आवाज ‘डॅमेज्ड’वर आहे. पण किंमत एका घशाने मोजली.

ओरडणं शिकता येतं. आवाज गळ्यातून न ढकलता पोटातून रेटायचा. ओरडताना पोट घट्ट आणि गळा, जबडा सैल. सुरू करण्याआधी दहा मिनिटं ओठ फुरफुरवणं, गुणगुणणं. पाणी आदल्या दिवसापासून प्यायचं, कारण ऐन वेळी प्यायलेला घोट स्वरयंत्राला लागतच नाही. आवाज बसला तर कुजबुजू नका, त्याने आणखी ताण येतो, गप्प बसा. दुखायला लागलं की थांबायचं, आणि घोगरेपणा दोन-तीन आठवडे हटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचं. आजीबाईचा ज्येष्ठमधही चालेल, पण डॉक्टरांऐवजी नाही.

पायरी सहावी : आधी छोटी रेकॉर्ड

पहिला अल्बम ही पहिली गोष्ट नसते. जानेवारी १९७८मध्ये, पहिला गायक कीथ मॉरिस असताना, या बँडने हर्मोसा बीचमधल्याच स्टुडिओत चार गाणी रेकॉर्ड केली. चारही मिळून पाच मिनिटांच्या आसपास. एक कंपनी ती काढणार होती, पण आज-उद्या करत राहिली. मग गिनने टेलिफोनची डिरेक्टरी उघडली, रेकॉर्ड छापणारा कारखाना शोधला आणि २,००० प्रती स्वतः काढल्या. जानेवारी १९७९मध्ये ती बाहेर आली, एसएसटीची ००१ क्रमांकाची रेकॉर्ड म्हणून. त्याच्या आधीच इंग्लंडात मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या बँडने उसन्या ५०० पौंडांत चार गाणी काढून हजार प्रती स्वतः छापल्या होत्या, तेव्हा कल्पना अगदीच आभाळातून पडली नव्हती.

तुम्हीही चार गाण्यांपासून सुरू करा. एक दिवस स्टुडिओ, एक दिवस मिक्सिंग. त्यात कळतं की ड्रमर गाण्याच्या शेवटी पळतो, दुसऱ्या गाण्याला मधला भाग नकोच होता, आणि गायकाला स्वतःचा आवाज ऐकवत नाही. या चुका चार गाण्यांत केल्या तर स्वस्त पडतात.

पायरी सातवी : माणसांसमोर

जुलै १९७९मध्ये मॅनहॅटन बीचच्या पॉलिवॉग पार्कमध्ये यांनी एक कार्यक्रम मिळवला. गावच्या अधिकाऱ्यांना सांगितलं की आम्ही साधंसुधं रॉक वाजवतो. बागेत पोराबाळांसह डबे घेऊन कुटुंबं बसलेली. बँडने सुरू करताच त्या डब्यांतलं अन्न मंचाकडे येऊ लागलं. किस्सा म्हणून झकास आहे. पण परवानगी काढताना खोटं बोललं की पुढच्या सगळ्या बँडांची वाट बंद होते, आणि लॉस एंजेलिसमध्ये पुढे पोलीस आणि सभागृहं यांनी या मंडळींना जो जाच केला त्याने गाणी मिळाली तरी जागा गेल्या. आपल्याकडे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, हे धरूनच वेळ ठरवा. संध्याकाळी पाचचा कार्यक्रम पंकला शोभत नाही असं काही नाही. उलट शाळा-कॉलेजची पोरं येतात आणि शेवटची बस पकडून घरी जातात.

पंचवीस मिनिटांचा संच करा. गाण्यांमध्ये भाषण नको, ट्यूनिंग नको. दोन-तीन गाणी जोडून टाका. समोर धक्काबुक्की सुरू झाली आणि कुणी पडलं तर गाणं थांबवा. मुलींना पुढे उभं राहता येत नसेल तर तो कार्यक्रम तुमचा नाही, गुंडांचा आहे. लॉस एंजेलिसच्या त्या काळातल्या पंकने इथे मार खाल्ला. दुसरा गायक रॉन रेयेस भर कार्यक्रमातून निघून गेला, त्यामागेही समोरच्या मारामाऱ्यांचा वीट होता.

पायरी आठवी : माणूस बदलतो तेव्हा

१९८१च्या उन्हाळ्यात बँड न्यूयॉर्कला वाजवत होता. वॉशिंग्टनहून एक चाहता गाडी हाकत आला होता, वीस वर्षांचा, आइस्क्रीमच्या दुकानात मॅनेजर. त्याला सकाळी दुकान उघडायला परतायचं होतं, म्हणून त्याने एका गाण्याची फर्माइश केली आणि ते सुरू होताच मंचावर चढून स्वतःच गाऊ लागला. काही दिवसांनी बँडने त्याला न्यूयॉर्कला बोलावून घेतलं, सगळा संच गाऊन घेतला आणि बँडमध्ये घेतलं. हा हेन्री रॉलिन्स. त्याला सगळी गाणी आधीच येत होती, ही यातली खरी गोम. नवा माणूस शोधाल तेव्हा समोरच्या रांगेत बघा.

पायरी नववी : स्टुडिओ

ऑगस्ट १९८१, वेस्ट हॉलिवुडमधला युनिकॉर्न स्टुडिओ. ध्वनिमुद्रणाला स्पॉट नावाने ओळखला जाणारा निर्माता, जो या बँडला सुरुवातीपासून जवळून ओळखत होता. खोली काही आदर्श नव्हती. त्यांनी बरंचसं एकत्र, एकाच वेळी वाजवून घेतलं. ड्रमर रोबोच्या डाव्या मनगटात कडी असत. हाय-हॅटच्या, म्हणजे पायाने मिटणाऱ्या जोडझांजेच्या, माइकमध्ये त्यांची किणकिण शिरली आणि ती तशीच राहिली. आज कुणी ती बटण दाबून पुसली असती.

तर तुमच्यासाठी. पाया म्हणजे ड्रम, बास आणि एक गिटार एकत्र वाजवून घ्या, एकमेकांचे डोळे दिसतील असे उभे राहून. गिटारचे अँप (ॲम्प्लिफायर) शेजारच्या खोलीत किंवा गाद्यांच्या आड ठेवले की ड्रमच्या माइकमध्ये कमी गळतात. ड्रमला चार माइक पुरतात : बास ड्रम, स्नेअर आणि वर दोन. गिटारच्या अँपला शुअर एसएम ५७ हा माइक जाळीला जवळजवळ टेकवून, पण स्पीकरच्या मध्यापासून थोडा बाजूला. डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारच्या आवाजाची खरखर, घरी ठेवता त्याहून कमी ठेवा, हे ऐकून प्रत्येक गिटारवाला नाक मुरडतो. पण दोन गिटारी, झांजा आणि ओरडणं एकत्र आलं की जास्त डिस्टॉर्शनचा फक्त रवा होतो, घाव ऐकू येत नाही. दुसरी गिटार नंतर, शक्य तर वेगळ्या गिटारने आणि वेगळ्या अँपवर. एक डाव्या कानात, एक उजव्या.

कानात मेट्रोनोमचे ठोके ऐकत, म्हणजे क्लिकवर, वाजवायचं की नाही? माझं मत : वेग पकडण्यापुरते चार ठोके ऐका आणि बंद करा. समूहगानाच्या जागी बँड किंचित पुढे सरकतो, तो सरकू द्यावा. मात्र हे म्हणायचा अधिकार ज्यांनी मेट्रोनोमवर महिने काढले त्यांनाच.

एका गाण्याला तीन टेक, म्हणजे ध्वनिमुद्रणाचे तीन प्रयत्न. तिसऱ्यातही आलं नाही तर पुढच्या गाण्याला लागा, उद्या परत या. गायकाच्या हातात माइक द्या, त्याला फिरू द्या. उभ्या स्टँडसमोर कुणी मनापासून चिडत नाही. एका दिवशी चार-पाच गाण्यांपेक्षा जास्त गायला लावू नका. सगळ्यात घसाफोड गाणं शेवटी.

खर्चाचा अंदाज बांधताना ‘रामोन्स’चा पहिला अल्बम आठवा : १९७६, सुमारे आठवडाभर, ६,४०० डॉलर, चौदा गाणी, अर्ध्या तासाच्या आत. ते वेगाने झालं कारण गाणी क्लबांमध्ये आधीच पक्की झालेली होती. स्टुडिओत गाणं रचायला बसलात की मीटर पळतो. आमचा पळाला. तीन दिवसांचे पैसे संपले तेव्हा आमच्याकडे अडीच गाणी होती.

आता क्रम. ‘डॅमेज्ड’मध्ये पंधरा गाणी, सुमारे पस्तीस मिनिटं. सुरुवात सगळ्यांनी मिळून ओरडायच्या गाण्याने, आणि शेवट एका संथ, जड, एकट्या माणसाच्या आकांताने, ज्याचे शब्द रॉलिन्सने बरेचसे तिथेच जागेवर रचले. गर्दीपासून एका खोलीपर्यंत असा तो प्रवास आहे. पंधरा गाणी एकाच वेगाची असतील तर कान सातव्या गाण्याला बधिर होतो. एखादं गाणं मुद्दाम हळू ठेवा.

पायरी दहावी : मुखपृष्ठ

छायाचित्र एड कोल्व्हरचं. रॉलिन्सने मूठ मारून आरसा फोडला आहे, हातातून रक्त. आरसा आधी हातोडीने फोडलेला होता आणि रक्त म्हणजे लाल शाई आणि कॉफीचं मिश्रण. राग बसवावा लागतो म्हटलं ते इथपर्यंत खरं आहे. मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढं दिसेल हे लक्षात ठेवून एकच आकृती घ्या.

पायरी अकरावी : सही करण्याआधी

अल्बम वितरणासाठी युनिकॉर्न कंपनीकडे गेला, आणि युनिकॉर्नची वितरक होती एमसीए ही बलाढ्य रेकॉर्ड कंपनी. प्रती छापून झाल्या. मग एमसीएच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने तो ऐकला आणि हा पालकांच्या विरोधातला अल्बम आहे म्हणून हात वर केले. बँडवाल्यांनी काय करावं? त्यांनी त्या अधिकाऱ्याच्याच शब्दांचे स्टिकर छापले आणि मंडळींनी स्वतः बसून कव्हरवरच्या एमसीएच्या चिन्हावर ते चिकटवले. जाहिरात फुकटात झाली.

इथपर्यंत मजा. त्यानंतर एसएसटीने युनिकॉर्नवर पैसे थकवल्याचा दावा लावला, युनिकॉर्नने उलट दावा लावला, आणि निकाल लागेपर्यंत या लोकांना स्वतःच्या बँडच्या नावाने काहीही प्रकाशित करायची बंदी झाली. पाच वर्षं घासून उभं केलेलं नाव, आणि ते वापरायचं नाही.

म्हणून आपल्याकडच्या कायद्यातल्या थोड्या गोष्टी पाठ असू द्या. कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम १९प्रमाणे हक्क दुसऱ्याला देणं लेखीच असावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच समोरचा ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द हळूच घालतो. ते शोधा आणि त्यांवर बोट ठेवा. ध्वनिमुद्रणाचा मालक हा ते घडवून आणण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा निर्माता असतो, तेव्हा स्टुडिओचं बिल दुसऱ्याने भरलं तर मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण, कुणाचा हे आधी लिहून घ्या. शब्द आणि चाल करणाऱ्यांचा रॉयल्टीतला वाटा मात्र २०१२च्या दुरुस्तीनंतर करारात सहज लाटता येत नाही. तो गोळा करण्यासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासद व्हा. प्रत्येक गाण्याचं कुणी काय लिहिलं, किती टक्के, हे गाणं पुरं झालं त्याच दिवशी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. गाणी ऑनलाइन चढवणारा वितरक प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी हा ओळख-क्रमांक देतो, तो त्याच कागदावर टिपा. आणि मूळ फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. एक आईच्या कपाटात. ती फेकत नाही काही.

बँडच्या नावाचा मुद्दा पहिल्या कागदावर होता, आठवतंय? तो आता काढून परत वाचा.

गिन आणि डुकोव्स्की यांनी १९८२मध्ये आधीच्या तिन्ही गायकांच्या साठवलेल्या टेपा एकत्र करून एक दुहेरी अल्बम काढला. कव्हरवर बँडचं नाव नव्हतं, नुसती वादकांची नावं. न्यायालयाला हा चावटपणा वाटला आणि १९८३मध्ये दोघांना पाच दिवस लॉस एंजेलिसच्या तुरुंगात काढावे लागले. त्याच वर्षी युनिकॉर्नचं दिवाळं निघालं आणि नाव मोकळं झालं. बंदीच्या काळात सराव थांबला नव्हता. १९८४मध्ये ‘ब्लॅक फ्लॅग’ने एकाच वर्षात तीन स्टुडिओ अल्बम बाहेर काढले.